काकांच्या दुकानातला फियाट-ॲम्बेसेडरचा जुना माल : भाव कसा लावायचा आणि नसलेलं कुठं शोधायचं?

शाहूपुरीकर

मंडळी, नमस्कार. थोडं सविस्तर लिहितो, कारण निर्णय घाईत घ्यायचा नाही.

माझ्या काकांचं कोल्हापुरात, शाहूपुरीत मोटार स्पेअरचं दुकान होतं. दुकान बंद होऊन वीसेक वर्षं झाली. उरलेला माल घरामागच्या खोलीत पत्र्याच्या चार ट्रंकांत आणि फळ्यांवर तसाच राहिला. काका गेल्या दिवाळीत गेले. त्या खोलीची कौलं बदलायची आहेत, म्हणून पावसाआधी ती मोकळी कर असं काकूंनी मला सांगितलंय.

दोन रविवार बसून यादी केली. बहुतेक माल फियाट आणि प्रीमियर पद्मिनीचा आहे, थोडा ॲम्बेसेडरचा. मायकोचे प्लग खोक्यात बंद आहेत. लुकासचे पॉइंट आणि कंडेन्सर (प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्रणेतले भाग) आहेत, मेणकागदात गुंडाळलेली बेअरिंगं, पिस्टन रिंगांचे सेट, किंगपिनचे (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या पिनांचे) संच, ब्रेकच्या मास्टर सिलिंडरची रबरी किट, हेड गॅस्केट, दरवाज्यांच्या मुठी, मागच्या दिव्यांच्या तीन काचा. फियाटचा एक क्राउन, म्हणजे मागच्या डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चाक, ग्रीस लावून गोणपाटात बांधून ठेवलाय. आणि फियाटचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारा नळ्यांचा भाग), एकदाही न बसवलेला.

मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं फोटो बघून सगळ्याचे मिळून ६५,००० सांगितलेत, टेम्पो त्याचा. काकूंना पैशांची निकड नाही, पण फसवणूकही नको आहे.

दुसरी बाजू अशी की आजोबांची १९६८ ची फियाट ११०० डी, म्हणजे डिलाइट, आमच्या दारात उभी आहे. काकांच्या मालातलं तिला काय काय लागेल ते बाजूला काढतोय. पण बॉनेटवरचं चिन्ह आणि दाराची बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, यांत नाही, आणि तिचा मॅनिफोल्डही तडकलाय.

तर भाव कसा ठरवायचा? आणि नसलेलं कुठं शोधायचं?

घाटमाथा

एकगठ्ठा देऊ नका. व्यापारी सगळ्या मालाचा भाव कधीच करत नाही. त्यातल्या चार-पाच वस्तूंवर त्याचा डोळा असतो, बाकीचा माल तो वजन म्हणून उचलतो. त्या चार-पाच कोणत्या ते आधी ओळखा. माझ्या अंदाजानं तुमच्याकडं तो क्राउन, मॅनिफोल्ड आणि दिव्यांच्या काचा.

लेथवाला_उद्यमनगर

भावा, आधी काकांच्या आठवणीला नमस्कार. त्यांच्या काउंटरवरून मी पोरवयात मिस्त्रींसाठी माल आणलाय.

भावाच्या आधी मालाची प्रतवारी करा. खोकं बंद आहे म्हणजे आतली वस्तू नवी आहे असं समजू नका. लोखंड आणि रबर यांचं वय सारखं धावत नाही.

सगळ्यात आधी रबर. मास्टर सिलिंडरची किट, व्हील सिलिंडरचे कप, ब्रेकचे होज यांना कितीही चांगलं खोकं असू दे, गाडीत घालायचे नाहीत आणि दुसऱ्यालाही विकायचे नाहीत. तीस-पस्तीस वर्षांत रबर खोक्यातच कडक होतं. बोटानं वाकवलं तर कदाचित दिसणारही नाही, पण पायानं ब्रेक दाबल्यावर कपाची कड दुमडली की पॅडल खाली जातं. शिंगणापूरच्या उतारावर माझ्या ओळखीतल्या एकाच्या बाबतीत हे झालंय. माणसं वाचली, पण मी तेव्हापासून जुनं ब्रेकचं रबर हातात घेत नाही. किटमधले स्प्रिंग आणि वॉशर ठेवा, रबर फेका.

ब्रेक शूला जुनं लायनिंग चिकटवलेलं असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी. हवेनं उडवू नका, घासू नका, ओल्या फडक्यानं पुसून पिशवीत बंद करा.

कंडेन्सर एकेक तपासून घ्यावे लागतील, कारण आतला कागद ओल धरतो. कोल्हापूरच्या पावसात चाळीस पावसाळे काढलेल्या कंडेन्सरची हमी कोणी देऊ नये. पॉइंटचं तसं नाही, तोंडावरचा थर बारीक पॉलिश पेपरनं काढला की ते चालतात. प्लगला तर काहीच होत नाही.

बुचाच्या लाकडाची, म्हणजे कॉर्कची गॅस्केटं आक्रसलेली दिसतील. टाकू नका. कोमट पाण्यात तासभर ठेवली की पुन्हा मापाला येतात. आमच्या मिस्त्रींची ही जुनी रीत आहे.

बेअरिंगं आणि रिंगा यांचा मेणकागद फाटला नसेल तर सोन्यासारखा माल. पण खोक्यावरचं माप वाचा. ॲम्बेसेडरचं माप इंचात, स्टँडर्ड, ०.०१०, ०.०२०, ०.०३०, ०.०४० असं. फियाटचं मिलिमीटरमध्ये. नटबोल्ट सुटे सापडले तर दोन्ही गाड्यांचे वेगळ्या डब्यांत ठेवा. इंचाचा बोल्ट मेट्रिकच्या आट्यात जोर लावून बसवला की आटे गेले, आणि हेडचे आटे गेले तर तो खर्च वेगळाच.

आता क्राउन. एकटा क्राउन म्हणजे निम्मी वस्तूसुद्धा नव्हे. क्राउन आणि त्याला फिरवणारं छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, कारखान्यात जोडीनं घासून एकमेकांना बसवलेले असतात, आणि दोघांवर एकच जोडनंबर कोरलेला असतो. दुसऱ्याच जोडीतला पिनियन घातला तर गाडी चाळीसच्या वर गेली की डिफरन्शियल रडतं, आणि काही महिन्यांत दात खातं. ग्रीस पुसून क्राउनच्या कडेला नंबर बघा. मग त्याच नंबरचा पिनियन घरभर शोधा. तुमचे काका जोडी तोडणाऱ्यातले नव्हते.

शाहूपुरीकर

दादा, इतकं समजावून लिहिलंत, मनापासून आभार. रबराची किट बाजूला काढली, पंचवीस निघाली. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "जाळून टाक, पण कुणाच्या गाडीत नको."

क्राउन उद्या पुसतो.

मुंबईकर_मूळगाव_कागल

मालाचा भाव आज का चढलाय ते मुंबईच्या बाजूनं सांगतो. इथं पद्मिनीच्या टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा होती. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती, ती ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. त्याआधीची दहा-पंधरा वर्षं टॅक्सी भंगारात निघत होत्या तेव्हा कुर्ल्याला दरवाजे, काचा, गिअरबॉक्स, बंपर सगळं रास लावून मिळायचं. भाव करायची गरज नव्हती, कारण पलीकडच्या गाळ्यात तीच वस्तू असायची. आता ती रास संपलीय. ज्याच्याकडं आहे त्याला ती परत मिळणार नाही हे माहीत आहे.

कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीत पद्मिनी बनायची तेव्हा एकेक भाग करणारे छोटे पुरवठादार शेकड्यानं होते. त्यांचे साचे कुठं गेले याचा माग काढणं अवघड आहे. ॲम्बेसेडर २०१४ पर्यंत उत्तरपाड्याला बनत होती म्हणून तिचा माल तुलनेनं सोपा, त्यातही कोलकात्याच्या मल्लिक बाजारात. दिल्लीला काश्मिरी गेट आणि मायापुरी, चेन्नईला पुदुपेट, बंगळूरला जे. सी. रोड. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी नशीब आजमावता येतं. मी मात्र सांगेन की फोनवर भाव करून पैसे पाठवू नका. जाऊन हातात वस्तू घ्या, किंवा ओळखीचा माणूस पाठवा.

गाडीतळ

मला एक प्रश्न सतावतो. कागदी खोक्यावर ९० रुपये छापलेली दिव्याची काच आज ३,५०० ला का विकायची? ज्याला गाडी चालवायची आहे तो नोकरदार माणूस असतो. या भावानं फियाट फक्त श्रीमंतांच्या गॅरेजात उरतील. माझी पद्मिनी मी रोज साने गुरुजी वसाहतीतून शिवाजी विद्यापीठाला नेतो. एका मूठभर काचेसाठी मला महिन्याच्या पगाराचा विचार करावा लागतो, हे बरोबर नाही.

जुना_काउंटर

गाडीतळ, तुमचा राग मला कळतो. मी आयुष्यभर स्पेअरच्या काउंटरच्या आतल्या बाजूला उभा होतो. म्हणून आतली बाजू सांगतो.

१९९० च्या आसपास दुकानदारानं एका वस्तूत १०० रुपये अडकवले. तेच १०० रुपये त्यानं ८ टक्क्यांनी बँकेत ठेवले असते आणि व्याज काढलं नसतं, तर पस्तीस वर्षांत त्याचे १,४८० च्या आसपास झाले असते. खोलीचं भाडं, उंदीर, गंज, आणि विकलाच न गेलेला निम्मा माल यांत धरलेला नाही. म्हणजे ९० रुपयांची काच १,३०० ला गेली तरी दुकानदाराला नफा काहीच नाही, त्यानं फक्त आपली मुद्दल आणि व्याज घेतलं. १,३०० च्या पुढं जे काही आहे त्याबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. तो भाव टंचाईचा आहे, त्यात राखणदारीचा मोबदला नाही.

शाहूपुरीकर, खोक्यांच्या तळाला पेन्सिलीनं अक्षरं लिहिलेली आहेत का बघा. आमच्या पिढीतले दुकानदार खरेदीचा भाव आकड्यात लिहीत नसत. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द किंवा वाक्य ठरलेलं असे, प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा. गिऱ्हाइकासमोर खोकं उलटं केलं तरी त्याला काही कळत नसे आणि आपल्याला किती खाली यायचं ते कळे.

शाहूपुरीकर

आहेत! मला वाटलं होतं मालाचे नंबर आहेत. काकूंना खोकं दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, दोन अक्षरं वाचली आणि लगेच म्हणाल्या, "बावीस रुपये." लग्नानंतर पहिल्याच वर्षी काकांनी त्यांना तो शब्द सांगितला होता, हिशोब लिहायला त्या बसायच्या म्हणून. शब्द इथं लिहीत नाही, तो त्यांचा आहे. पण आता सगळ्या खोक्यांची खरेदी आम्हाला कळतेय. संध्याकाळी मी खोकं उलटं धरतो, त्या वाचतात, मुलगी वहीत लिहिते.

क्राउनवर नंबर मिळाला. पिनियन अजून नाही.

इचलकरंजीची_ॲम्बी

माझ्या वडिलांची साठीतली ॲम्बेसेडर मी सांभाळते. परदेशातून माल मागवण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन म्हणजे इंग्लंडच्या बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सीरिज. तेच इंजिन एमजीए १५०० या स्पोर्ट्स गाडीत होतं, आणि त्या गाडीचा माल इंग्लंडमध्ये आजही नवा बनतो. गॅस्केट, व्हॉल्व्ह, टायमिंग चेन, यांतलं बरंच आपल्या इंजिनाला बसतं. पिस्टन मात्र डोळे झाकून घेऊ नका, त्यांच्या इंजिनात दाबाचं प्रमाण जास्त आहे.

मी एक गॅस्केट सेट आणि टायमिंगचा संच मागवला. वस्तूंचे झाले ४,१००. कुरिअर ४,५००. मला वाटलं ड्यूटी ४,१०० वर लागेल. तसं नसतं. वस्तू, वाहतूक आणि विमा यांची बेरीज करतात, तिच्यावर मूळ ड्यूटी, त्या ड्यूटीवर १० टक्के अधिभार, आणि मग या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी. वर कुरिअरवाल्यांचं कागदपत्रांचं शुल्क. माल घरात आला तेव्हा १२,३०० रुपये गेले होते. दर बदलत असतात, म्हणून मागवण्याच्या आठवड्यातला दर बघावा, पण हिशोबाची रीत हीच.

दुसऱ्या वेळी आम्ही सांगली, मिरज आणि इचलकरंजीचे चार मालक मिळून एकच पार्सल मागवलं. कुरिअर चौघांत विभागलं गेलं आणि प्रत्येकाला तो माल परवडला. जड वस्तू मात्र कधीच नाही. मॅनिफोल्ड, ड्रम असलं काही विमानानं आणायचा विचारसुद्धा करू नका.

दोन_डिलाइट

ताईंच्या मुद्द्याला फियाटची पुस्ती. इटलीतून "११०० डी"चा माल मागवताना मी मोठा फटका खाल्लाय. तिकडच्या ११०० डी चं इंजिन १२२१ सीसीचं, ७२ मिमी बोअरचं (सिलिंडरच्या भोकाचा व्यास). आपल्याकडं नाव तेच राहिलं पण इंजिन १०८९ सीसीचंच राहिलं, ६८ मिमी बोअर. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, दोन्हीकडं ७५. मी फक्त गाडीचं नाव सांगून पिस्टन मागवले, विक्रेत्यानंही विचारलं नाही. डबा उघडला तेव्हा पिस्टन माझ्या ब्लॉकच्या तोंडावर टोपीसारखे बसले. परत पाठवायचा खर्च वस्तूइतकाच होता. ते अजून कपाटात आहेत. गाडीच्या नावावर काही मागवू नका. बोअर मोजा, मग मागवा.

आणि शाहूपुरीकर, तुमच्याकडचा पद्मिनीचा माल डिलाइटला कितपत चालेल अशी शंका असेल तर ती सोडा. काचा, दारं, इंजिन-गिअरबॉक्सचे बहुतेक भाग तेच आहेत, वेगळी आहे ती जाळी आणि नावाची अक्षरं. त्याआधीच्या डुक्कर फियाटचं प्रकरण मात्र पूर्ण वेगळं, तिची बॉडीच निराळी.

रंकाळा_सकाळ

कागदपत्रांचं एक सांगायचं आहे, कारण "ओरिजिनल" या शब्दाला आता कायद्याचंही वजन आहे. २०२१ च्या जुलैत केंद्रानं व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडी त्यात बसते. चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा अशी अट आहे. नव्यानं नोंदणी करायची तर शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षं. नंबरात "व्हीए" अक्षरं येतात, पण आधी नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही.

गाडीतळ, तुम्ही रोज चालवता, म्हणून तुम्ही त्यात न गेलेलंच बरं. पण शाहूपुरीकरांची १९६८ ची डिलाइट त्यात बसते. तिच्यात जपानी डिझेल इंजिन घालून घ्या असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. साध्या झिजणाऱ्या वस्तू, म्हणजे क्लच, बेअरिंग, दिवे, नव्या घातल्यानं काही बिघडत नाही.

लहानपणी दसऱ्याला वडिलांच्या खांद्यावर बसून दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक येताना बघितलीय. ती गाडी तशीच्या तशी ठेवलीय म्हणून गर्दी अजून तिच्यासाठी टाचा उंचावते. आपल्या घरातल्या फियाटलाही तोच न्याय लावावा असं मला मनापासून वाटतं.

लेथवाला_उद्यमनगर

आता भावाबद्दल माझं म्हणणं मांडतो.

मुंबईत काय चाललंय, ऑनलाइन कोण किती मागतोय, ते बघून भाव लावू नका. मागितलेला भाव म्हणजे मिळालेला भाव नव्हे. आपण कोल्हापुरात राहतो, आपल्याकडं वेगळी मोजपट्टी आहे. प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारा, ही आज उद्यमनगरातल्या वर्कशॉपात एक नग करून घ्यायला काय लागेल? तो आकडा म्हणजे त्या वस्तूच्या भावाची छत. त्याच्या वर कुणी मागत असेल तर गिऱ्हाइकानं सरळ उद्यमनगराची वाट धरावी. आणि जमीन म्हणजे भंगाराचा किलोचा भाव. या दोघांच्या मध्ये तुमच्या काकांची खरेदी, काउंटरवाल्या काकांनी सांगितलेलं व्याज धरून, ठेवा. तुमचा भाव तिथं सापडेल.

किंगपिन घ्या. पिन म्हणजे टर्निंग, हार्डनिंग, ग्राइंडिंग. आमच्याकडं एका जोडीचं काम दोन-अडीच हजारांत होतं, बुश धरून. म्हणून कंपनीच्या जुन्या संचाला तेवढाच भाव यावा, फार तर थोडा वर, कारण पोलाद खात्रीचं. पाण्याच्या पंपाचा स्पिंडल, त्याचं बेअरिंग, सील हे सगळं इथं होतं, त्यामुळं पंप दुर्मिळ म्हणून कुणी घाबरवलं तर घाबरू नका. हेडलाइट तर सात इंची गोल, बुलेटपासून जीपपर्यंत सगळ्यांना तेच माप, त्याला कसली टंचाई?

उलट दिव्याच्या काचेचा साचा एका नगासाठी कुणी करणार नाही. तिथं छत उंच आहे, हे गाडीतळांनाही मान्य करावं लागेल. क्राउन-पिनियनची जोडी तर एक नग कापून घ्यायची म्हटलं तर खर्च विचारू नका.

आणि मॅनिफोल्ड. हा बिडाचा. बिडाच्या बाबतीत कोल्हापूरच्या फौंड्र्यांना शिकवावं लागत नाही, शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत रोज गाड्यांचेच भाग ओतले जातात. अडचण ओतण्याची नाही, पॅटर्नची, म्हणजे वाळूत दाबून साचा घ्यायच्या लाकडी प्रतीची आहे. बरेच जण जुना मॅनिफोल्डच वाळूत दाबून साचा घेतात आणि मग भोकं जुळत नाहीत म्हणून रडतात. बीड थंड होताना साधारण १ टक्का आकसतं. ४०० मिमी लांबीची वस्तू ४ मिमीनं आखूड येते, आणि मॅनिफोल्डच्या टोकाच्या स्टडला ४ मिमी म्हणजे बसणारच नाही. पॅटर्नवाल्याची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा मिलिमीटर खऱ्या मिलिमीटरपेक्षा किंचित मोठा असतो. त्यात तोंडाला मशीनिंगसाठी ३ मिमी वाढवायचे.

मी विचारून आलो. सागवानी पॅटर्न आणि आतल्या पोकळीची कोअर पेटी मिळून १४,००० सांगितले. ओतकाम आणि मशीनिंग नगाला २,८००. एकानं केला तर १६,८०० ला एक मॅनिफोल्ड, वेडेपणा. सात जणांनी केला तर ४,८०० ला एक. आणि पॅटर्न पुढच्या सात जणांसाठी तसाच राहतो.

पण त्यासाठी नमुना हवा, आणि तापून तापून वाकलेला मॅनिफोल्ड नमुना म्हणून चालत नाही. कधीच न तापलेला हवा. तो जिल्ह्यात माझ्या माहितीत एकच आहे, शाहूपुरीकरांच्या ट्रंकेत.

गाडीतळ

मी पहिला. माझा दोनदा ब्रेझिंग करून झालाय.

काउंटरवाले काका, तुमचा व्याजाचा हिशोब मी घरी मांडून बघितला. बरोबर आहे. माझा पहिला प्रतिसाद मी तसाच ठेवतो, पण टंचाईच्या भावाबद्दल म्हणून वाचावा, दुकानदाराबद्दल म्हणून नको.

दोन_डिलाइट

मला दोन.

घाटमाथा

एक आजऱ्याला. माझी चालू आहे, पण ठेवून देईन.

हुपरीचा_नातू

शाहूपुरीकर, बॉनेटच्या चिन्हाचं बघा. माझं आजोळ हुपरी. तिथं चांदीचं काम करणाऱ्या घरांत बारीक ओतकाम आणि कोरीवकाम पिढ्यान्‌पिढ्या चालतं. मी माझ्या गाडीचं तुटकं चिन्ह एका कारागिराकडं नेलं. त्यांनी अर्धं उरलेलं बघून दुसरी बाजू मेणात घडवली, पितळेत ओतलं, कानशीनं अक्षरांच्या कडा काढल्या. मग कोल्हापुरात क्रोम करून घेतलं. मूळचं मझॅकचं (जस्ताच्या मिश्रधातूचं) असतं, त्यावर फोड आले की परत क्रोम नीट धरत नाही. पितळेवर मात्र क्रोम सुंदर बसतं. मजुरी आणि क्रोम मिळून ३,२०० झाले.

एकच विनंती, नवं घडवलेलं आहे हे आतल्या बाजूला कोरून ठेवा, वर्षासह. उद्या ती गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात गेली तर त्याला जुनं म्हणून ते विकलं जाऊ नये. माझ्या कारागिरांनी स्वतःहून मागं छोटी खूण केली.

इचलकरंजीची_ॲम्बी

हे फार पटलं. नवा भाग बनवण्यात गैर काही नाही, तो जुना म्हणून विकण्यात आहे. मला एका विक्रेत्यानं "कंपनीचा बंद डबा" म्हणून तेलाचा पंप दिला होता. डब्यावरचा कागद जुना, आतली वस्तू गेल्या वर्षाची, आणि टोलरन्स इतके ढिले की तेलाचा दाब येईना. वस्तू लोकल म्हणून निम्म्या भावात दिली असती तरी मी घेतली असती आणि आधी तपासून बसवली असती.

बीडिंगचं विसरलात मंडळी. रबराची पट्टी कारखाने कमीत कमी काही शे मीटर असेल तरच काढून देतात. फियाटच्या चारही दारांना मिळून किती लागते ते मोजून इथं लिहा. सात-आठ गाड्या जमल्या तर बोलणी करता येतील. तुकडा कापून तोंडाचा आकार कागदावर छापून ठेवा, शाईच्या पॅडवर दाबला की स्वच्छ उमटतो.

शाहूपुरीकर

पिनियन सापडला! ॲम्बेसेडरच्या ट्रंकेत, क्लच प्लेटांच्या खाली, तशाच गोणपाटात. काकांनी सुतळीला दोन गाठी मारल्या होत्या, क्राउनच्या सुतळीलाही दोनच. नंबर जुळतो. मी आणि मुलगी दोघांनी वाचला, मग काकूंनी भिंगातून वाचला.

काल रात्री आम्ही तिघं बसून ठरवलं ते असं. व्यापाऱ्याला नाही सांगितलं. माल एकेक विकायचा, ज्याची गाडी आहे त्यालाच, गाडीचा फोटो आणि चासी नंबर बघून. भाव लेथवाल्या दादांच्या रीतीनं. दिव्याच्या तीन काचांपैकी एक आमच्या डिलाइटला, एक गाडीतळ यांना १,३०० ला. हा आकडा काकूंनी व्याजाचा हिशोब ऐकून स्वतः सांगितला. तिसरी ठेवली आहे, ती कुणाला द्यायची ते त्या सांगतील. कंडेन्सर तपासून घेतले, ४० पैकी १७ चांगले निघाले, तेवढेच विकणार. क्राउन-पिनियनसाठी गडहिंग्लजहून एकांचा निरोप आला आहे, त्यांची पद्मिनी तीन वर्षं याच एका जोडीसाठी लाकडाच्या ठोकळ्यांवर उभी आहे. ते रविवारी येतील.

मॅनिफोल्ड विकायचा नाही. तो नमुना म्हणून पॅटर्नवाल्याकडं जाईल आणि परत येईल. त्याबद्दल काकूंनी पैसे घ्यायला नकार दिला. त्यांची एक अट आहे, पॅटर्न सात जणांच्या मालकीचा न राहता जिल्ह्यात ज्याला लागेल त्याला ओतकामाच्या खर्चात वापरू द्यायचा.

लेथवाला_उद्यमनगर

काकूंना माझा नमस्कार सांगा. अट मान्य, सगळ्यांच्या वतीनं सांगतो, आणि पॅटर्न माझ्या शॉपमध्ये माळ्यावर राहील, वाळवी लागणार नाही याची जबाबदारी माझी.

जुना_काउंटर

तिसऱ्या काचेचं खोकं नीट जपा. त्याच्या तळाची अक्षरं पुसू नका.

लेथवाला_उद्यमनगर

अकरा दिवसांनी लिहितोय. पॅटर्न झाला. नमुन्याच्या स्टडच्या भोकांमधलं अंतर तीन वेळा मोजलं, पॅटर्नवाल्यानं आपल्या पट्टीनं, मी व्हर्नियरनं. आठ जणांचे पैसे जमले, म्हणून नगाला ४,५५० पडेल, ज्यांनी ४,८०० दिलेत त्यांना फरक परत मिळेल. गुरुवारी सकाळी शिरोलीत ओततोय. पहिला नग चाचणीचा, त्यात पाणी भरून गळती बघणार, मग तोंड घासून शाहूपुरीकरांच्या डिलाइटला लावून बघणार. ज्यांना यायचंय त्यांनी साडेआठला फौंड्रीच्या दारात. पायात चप्पल नको, बूट घाला.

शाहूपुरीकर

येतो. काकूही येणार म्हणतायत, त्यांच्यासाठी मुलीचे बूट मापाचे आहेत का ते बघतोय.